कुदळ मारण्यापूर्वीं

उत्खनन हा शब्द ऐकला म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. गांवाबाहेरचें एखादें ओसाड पांढरीचें टेकाड, त्यावर दोऱ्यांनीं आंखलेले चौकोन, हातांत लहानशी करणी घेऊन गुडघ्यांवर बसलेला संशोधक आणि घमेल्यांतून माती वाहून नेणारे मजूर. हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. ज्या जागीं माणसें शेंकडों वर्षें राहत आलीं, त्या जागीं तीं पुष्कळदां आजही राहतातच. नदीचा कांठ, गोडें पाणी, उंचवट्याची जमीन, व्यापाराची वाट ह्या गोष्टी जुन्या लोकांना जशा सोयीच्या वाटल्या, तशाच त्या आपल्यालाही वाटतात. त्यामुळें जुनें शहर शोधावयाचें तर अनेक वेळां नव्या शहराच्या पोटांत शिरावें लागतें. आणि नव्या शहराच्या पोटांत केवळ जुनीं खापरें व जुने पाये नसतात, तर वाहतें पाणी, वाहती वीज आणि दाबाखालीं कोंडलेला गॅसही असतो.

ह्या जिवंत वस्तूंच्या शेजारीं राहून मृत वस्तूंचा शोध निर्धोकपणें कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. नळ, केबली, गटारें ह्या सर्वांना मिळून मी येथें ‘वाहिन्या’ असें म्हणेन.

पुराणवस्तुसंशोधकाला वाहिन्यांचें वावडें नसतें; उलट त्या त्याच्या आवडीच्या वस्तु आहेत. मोहेंजोदारोच्या उत्खननांत रस्त्यांच्या कडेनें विटांनीं बांधलेलीं आणि वरून झांकलेलीं गटारें सांपडलीं, तेव्हां साऱ्या जगानें त्या नगररचनेचें कौतुक केलें. आपल्याकडे मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं त्या वेळच्या खडकी गांवांत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, जमिनीखालून खेळविलेली नहर प्रसिद्धच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी मार्गानें पुण्याच्या हौदांत आणलें गेलें; त्या मार्गावरचे उच्छ्वास पुणेकरांना परिचित आहेत. एके काळीं ह्या वाहिन्या शहरांचे प्राण होत्या, आज त्या इतिहासाचीं साधनें आहेत. जुना नळ आणि आजचा नळ ह्यांत तत्त्वतः फरक आहे तो केवळ काळाचा. परंतु ज्याच्या हातांत कुदळ आहे त्याच्या दृष्टीनें हाच फरक जीवनमरणाचा ठरतो. शिवाय जुनें म्हणजे मेलेलें असेंही नव्हे. एकोणिसाव्या शतकांतला बिडाचा नळ संग्रहालयांत शोभावा इतका जुना असून आजही त्यांतून अर्ध्या पेठेला पाणी जात असूं शकतें. म्हणून वाहिनी सांपडतांच संशोधकानें स्वतःला दोन निरनिराळे प्रश्न विचारले पाहिजेत. ही किती जुनी आहे, हा एक. आणि ही चालू आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुसऱ्याचें उत्तर कधींही काढूं नये.

शहराच्या पोटांत ह्या वाहिन्यांची गर्दी कशी झाली, हें मुंबईच्या उदाहरणावरून सहज ध्यानांत येईल. विहार तलावाचें पाणी 1860 च्या सुमारास शहरांत आलें. 1865 मध्यें रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. 1905 मध्यें वीज पुरविणारी व ट्राम चालविणारी कंपनी स्थापन झाली. दूरध्वनीच्या ताराही आल्या, मैलापाण्याचें जाळें वाढलें, आणि अलीकडच्या कांहीं दशकांत घरगुती गॅसचे प्लॅस्टिकचे नळ व कांचतंतूंच्या केबलीही त्यांत येऊन पडल्या. प्रत्येक नव्या सोयीसाठीं तोच रस्ता पुन्हां उकरला गेला आणि प्रत्येक खात्यानें आपापला चर खणला. पुराणवस्तुशास्त्रांत ज्याला स्तररचना म्हणतात, तीच ही. मात्र ती दीडशें वर्षांत तयार झालेली आणि अद्याप धडधडत असलेली आहे.

ह्या दोन प्रकारच्या खोदाईंचा संबंध नेहमींच वैराचा असतो असें मात्र नाहीं. मेक्सिको शहराच्या मध्यभागीं 1978 च्या फेब्रुवारी महिन्यांत वीजकंपनीचे कामगार केबलीसाठीं रस्ता खणीत असतां त्यांच्या हत्यारांस एक कोरीव शिळा लागली. त्यांनीं काम थांबविलें आणि पुराणवस्तुखात्यास कळविलें. ती शिळा म्हणजे आस्तेक लोकांच्या कोयोल्शाउकी ह्या चंद्रदेवतेची सुमारे सव्वातीन मीटर व्यासाची प्रतिमा निघाली. पुढें एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा ह्या संशोधकाच्या नेतृत्वाखालीं तेथें जें उत्खनन झालें, त्यांतून आस्तेकांच्या महामंदिराचे अवशेष गजबजलेल्या शहराच्या मधोमध उघडे झाले. कामगारांनीं हात आवरला म्हणून ही शिळा वांचली. जो विवेक त्या केबलवाल्यांनीं पुराणवस्तूपुढें दाखविला, तोच पुराणवस्तुसंशोधकानें केबलीपुढें दाखवावा, एवढीच ह्या भाषणाची अपेक्षा आहे.

वाहिन्यांचे धोके एकाच जातीचे नसतात. म्हणून ते वेगवेगळे समजून घेणें बरें. विजेच्या केबलीवर घाव बसला म्हणजे माणसास झटका बसतो, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः अशा अपघातांत बहुधा इजा होते ती भाजण्यानें. पहारीचें टोंक आवरणांतून आंत घुसलें, कीं आंतल्या तारांचा परस्परांशीं किंवा बाहेरच्या धातूच्या कवचाशीं संबंध जुळतो. क्षणार्धांत प्रचंड प्रवाह वाहूं लागतो, त्या जागीं धातु वितळून त्याची वाफ होते आणि ज्वाळेचा लोळ खोदणाऱ्याच्या हातांवर व तोंडावर येतो. फ्यूज उडाला म्हणजे केबल मेली, असें मानणेंही चुकीचें आहे. वीजकंपनीच्या जाळ्यांत खंडित झालेला प्रवाह आपोआप अथवा दुरून पुन्हां चालू करण्याची सोय असते. त्यामुळें शांत दिसणारी तुटकी केबल दुसऱ्या क्षणीं पुन्हां जिवंत होऊं शकते.

गॅसचा धोका निराळा, कारण तो पुष्कळदां थांबून येतो. नळानें घरोघर येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा 5 ते 15 ह्यांच्या दरम्यान आलें, तर एका ठिणगीनें भडका उडतो. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. परंतु गॅस मातींतून झिरपत दूर गेला, तर कधीं कधीं माती हा वास शोषून घेते. दुसऱ्या नळांच्या चरांतून, भुसभुशीत भरावांतून, वाट मिळेल तसा तो सरकतो आणि शेजारच्या घराच्या तळमजल्यांत जाऊन सांचतो. म्हणून नळावर नुसता ओरखडा उठला तरी तो लपवूं नये. पोलादी नळाचें संरक्षक वेष्टन खरवडलें गेलें, तर नळ त्या जागीं हळूहळू गंजत जातो. आणि उत्खनन संपवून, खड्डा बुजवून मंडळी घरीं गेल्यावर केव्हां तरी तो गळूं लागतो.

पाण्याचा नळ त्यामानानें निरुपद्रवी वाटतो; पण मोठ्या नळांतलें पाणी दाबाखालीं असतें. नळ जेथें वळतो तेथें पाण्याचा रेटा त्याला बाहेरच्या बाजूस ढकलीत असतो. त्या रेट्याला तोंड देण्यासाठीं वळणाच्या पाठीमागें काँक्रीटचा ठोकळा बसविलेला असतो, अथवा घट्ट दाबलेली मातीच तें काम करीत असते. उत्सुक संशोधकानें ती माती काढली, तर नळाला धक्काही न लागतां त्याचा सांधा निखळतो. मग लोंढ्यानें खड्ड्याच्या भिंती ढासळतात, आंतला माणूस गाडला जाण्याचा प्रसंग येतो, आणि महिनाभर जपून उघडे केलेले थर कांहीं मिनिटांत चिखल होऊन जातात.

मैलापाण्याच्या नळाचें भय आणखी फसवें आहे. त्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूला सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधि असते. परंतु त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असें समजून माणूस खालीं उतरतो, आणि हवेहून जड असलेला हा वायु तर खड्ड्याच्या तळाशींच सांचलेला असतो. अशा जागीं बेशुद्ध पडलेल्यास काढण्यासाठीं योग्य साधनांवांचून उतरलेला दुसराही बहुधा त्याच्या शेजारींच पडतो. राहिली कांचतंतूची केबल. ती माणसास सहसा मारीत नाहीं. परंतु ती तुटली तर एखाद्या रुग्णालयाचा किंवा अग्निशामक दलाचा दूरध्वनि बंद पडूं शकतो. शिवाय तिच्या तुटलेल्या टोंकांतून बाहेर पडणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी त्यांना अपायकारक असतो. तेव्हां त्या टोंकांत डोकावून पाहूं नये.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय कागदावरचा आहे. खोदाईचा बेत ठरतांच पाणी, मैलापाणी, वीज, गॅस, दूरध्वनि ह्यांच्या प्रत्येक मालकाकडे त्या जागेचा नकाशा मागावा. अमेरिकेंत 2007 सालापासून ह्यासाठीं 811 हा एकच दूरध्वनि क्रमांक देशभर चालू आहे. खोदण्यापूर्वीं तेथें वर्दी दिली, कीं त्या त्या संस्थेचीं माणसें येऊन जमिनीवर रंगानें खुणा करतात. वीज तांबड्या रंगानें, गॅस पिवळ्या, दूरसंचार नारिंगी, पिण्याचें पाणी निळ्या आणि सांडपाणी हिरव्या रंगानें दाखविण्याची त्यांची रीति आहे. जेथें खोदावयाचें ती जागा पांढऱ्या रंगानें आंखतात. भारतांत ‘कॉल बिफोर यू डिग’ ह्या नांवाची मोबाइलवरील योजना 22 मार्च 2023 रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्तें सुरू झाली. खोदणारा आणि वाहिनीचा मालक ह्यांची खोदाईपूर्वींच गांठ घालून द्यावी, हा तिचा हेतु आहे.

परंतु नकाशा हातीं आला म्हणजे काम संपलें असें नव्हे. खरें म्हणजे येथूनच सावधगिरी सुरू होते. वाहिनी टाकतांना तिचें अंतर रस्त्याच्या कडेपासून मोजलेलें असतें. पुढें रस्ता रुंद होतो आणि ती कडच नाहींशी होते. खोली त्या वेळच्या पृष्ठभागापासून मोजलेली असते. नंतर डांबराचे थर चढतात किंवा उंचवटा छाटला जातो. नकाशावर सरळ दिसणारी रेषा प्रत्यक्षांत एखाद्या झाडाच्या मुळाला वळसा घालून गेलेली असते. मुख्य नळ दाखविलेला असतो. पण त्यापासून घरोघर गेलेल्या लहान शाखा पुष्कळदां दाखविलेल्याच नसतात. म्हणून एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ‘येथें कांहीं आहे’ असें नकाशा सांगूं शकतो; ‘येथें कांहीं नाहीं’ असें सांगण्याचा अधिकार कोणत्याही नकाशास नाहीं. आजच्या भाषणांतून श्रोत्यांनीं एकच गोष्ट ध्यानांत ठेवावयाची असेल, तर ती हीच ठेवावी.

दुसरा उपाय यंत्रांचा. विजेच्या तारेंतून प्रवाह वाहत असतांना तिच्याभोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. शोधक यंत्र जमिनीवरून फिरविलें असतां तें ह्या क्षेत्राची चाहूल घेऊन आवाज करतें. परंतु केबल जोडलेली असून तिच्यांतून त्या वेळीं प्रवाह वाहत नसेल, तर यंत्र गप्प राहतें. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा अशीच गप्प असूं शकते. म्हणून त्याच यंत्राच्या जोडीला एक प्रेषक वापरतात. प्रेषकानें धातूच्या वाहिनींत एक ठराविक संकेत सोडला, कीं शोधक त्या संकेताचा माग काढीत जातो. दोन्ही रीतींनीं आणि एकमेकींस छेदणाऱ्या दोन दिशांनीं जागा चाळल्यावांचून तपासणी पुरी झाली असें समजूं नये. हें सारें करूनही प्लॅस्टिकचा नळ ह्या यंत्रास सांपडत नाहीं, कारण त्यांत धातु नसतो. त्यासाठीं जमिनींत रेडिओलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनि टिपणारें रडार वापरतात. पण ओल्या चिकणमातींत त्या लहरी लवकरच विरून जातात. यंत्राचें मौन हेंही नकाशाच्या कोऱ्या जागेसारखेंच आहे. त्यास अभयवचन मानूं नये.

येथें पुराणवस्तुसंशोधकास एक वेगळा फायदा असतो. उत्खननापूर्वीं जमिनीखालचे पाये व भट्ट्या हुडकण्यासाठीं तो चुंबकमापकानें जागेची पाहणी करतो. ह्या पाहणींत लोखंडी नळ फार ठळक उमटतो. आलटून पालटून येणाऱ्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक लांब माळ चित्रावर दिसते आणि तिच्या आसपासच्या नाजूक खुणा पुसून जातात. ह्या माळेनें आपलें चित्र बिघडविलें म्हणून संशोधक कुरकुरतो. परंतु ती माळ त्यानें काढून न टाकतां आपल्या आराखड्यावर जशीच्या तशी उतरवून घ्यावी. जी रेषा त्याच्या शास्त्राच्या आड येते, तीच त्याच्या मजुराचा जीव वांचवूं शकते.

तिसरा उपाय मातीचा. आणि ह्यांत पुराणवस्तुसंशोधकाइतका तयार माणूस दुसरा कोणी नसावा. जुना खड्डा मागाहून भरला गेला तर त्याची माती आजूबाजूच्या थरांपासून वेगळी दिसते, हें तर त्याच्या शास्त्राचें पहिलें अक्षर आहे. वाहिनीचा चर म्हणजे असाच एक खड्डा असतो. सरळ कडा, उभ्या भिंती, सरमिसळ आणि सैल माती, तींत खडी, डांबराचे तुकडे, प्लॅस्टिक. हें सगळें दिसूं लागलें कीं जुन्या थरांतून कोणी तरी अलीकडे आरपार गेलें आहे हें ओळखावें. भारतांत केबल टाकण्याच्या मानक पद्धतींत तिच्याभोंवतीं वाळू पसरून वर विटा किंवा फरशा झांकण्याची रीति आहे, आणि पुष्कळदां त्यावर धोक्याची रंगीत पट्टीही टाकलेली असते. एरवीं खालीं ओळीनें मांडलेल्या विटा दिसल्या म्हणजे उत्खनकाचें मन उल्हसित होतें. भिंत सांपडली असें त्याला वाटतें. परंतु त्या विटा यंत्रांतून निघालेल्या एकसारख्या असतील आणि त्यांच्याखालीं स्वच्छ, बारीक वाळू असेल, तर ती भिंत नव्हे, ती सूचना आहे. त्याच मानकाप्रमाणें कमी दाबाची केबल किमान पाऊण मीटर आणि 11 किलोव्होल्टपर्यंतची केबल किमान 0.9 मीटर खोल असावी लागते. पण पृष्ठभाग खालींवर झाल्यामुळें किंवा टाकणाऱ्याच्या हयगयीमुळें ती वीतभर खोलीवरही भेटते. तेव्हां ह्या आंकड्यांच्या भरंवशावर वरचा थर निर्धास्तपणें यंत्रानें खरवडूं नये.

ह्यापुढें प्रत्यक्ष खोदाई. पहिली चूक बहुधा खोदण्याच्याही आधीं घडते. चौकोन आंखण्यासाठीं लोखंडी खुंट्या ठोकल्या जातात, मातीचा नमुना घेण्यासाठीं सळई खुपसली जाते; आणि हें कोणालाच खोदकाम वाटत नाहीं. परंतु केबलीला खुंटी आणि पहार सारखीच. म्हणून खुंट्या ठोकण्यापूर्वींच तपासणी पूर्ण झाली पाहिजे. शक्य असेल तेथें चौकोनांची मांडणीच अशी करावी, कीं ज्ञात वाहिनी खोदाईच्या बाहेर राहील. जेथें तिच्या जवळ जाणें अटळ असेल, तेथें आधीं हातानें एक लहान परीक्षक खड्डा घेऊन तिची खरी जागा डोळ्यांनीं पाहावी. ह्या खड्ड्यांत कुदळ, पहार, कांटेफावडें अशीं टोंकदार हत्यारें वापरूं नयेत. गोलसर कडेचें फावडें आणि करणी वापरावी. वाहिनीच्या नेमक्या डोक्यावर वरून घाव न घालतां, थोडें बाजूस उतरून आडव्या दिशेनें तिच्याकडे सरकावें. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा मंडळाच्या मार्गदर्शिकेंत, विजेच्या केबलीची जागा जेथें आंखलेली असेल तिच्यापासून अर्ध्या मीटरच्या आंत हातांतलें यांत्रिक हत्यार चालवूं नये असें सांगितलें आहे. ज्याला आपल्याकडे सरसकट जेसीबी म्हणतात तें यंत्र चालत असतांना चालकाशिवाय आणखी एका जाणत्या माणसानें केवळ मातीकडे नजर ठेवून उभें राहावें, आणि त्यानें हात वर करतांच यंत्र थांबलें पाहिजे.

वाहिनी उघडी झाली म्हणजे तिला लोंबकळत ठेवूं नये. खालची माती काढावयाची असेल तर मालकाच्या सल्ल्यानें तिला आधार द्यावा. तिच्यावर पाय देऊन चढउतार करूं नये. केबल हातानें उचलून बाजूस सारूं नये. रंगावरून तिची जात ठरवूं नये, कारण रंगांचे नियम देशोदेशीं भिन्न आहेत आणि पुष्कळशा वाहिन्या त्या नियमांहून जुन्या आहेत. ती बंद आहे असें कोणी गांवकरी सांगेल, जुना कर्मचारीही सांगेल. परंतु तिच्या मालकानें प्रत्यक्ष तपासून तसें कळवीपर्यंत ती चालूच आहे असें धरून चालावें. शेवटीं, खड्डा बुजवितांना वाळू, विटा आणि पट्टी होती तशी पुन्हां घालावी आणि वाहिनीची खरी जागा आपल्या अहवालांत नोंदवून मालकासही कळवावी. म्हणजे पुढें येणाऱ्या खोदणाऱ्याचा नकाशा तेवढा तरी खरा होईल.

इतकें करूनही अपघात झालाच तर? केबल दुखावली तर सर्वांनीं दूर व्हावें, तिला कोणी हात लावूं नये आणि वीजकंपनीस तात्काळ कळवावें. भाजलेल्या माणसास मदत करण्यापूर्वीं त्याचा केबलीशीं स्पर्श राहिलेला नाहीं ना, हें पाहावें. गॅसचा वास आला तर यंत्रें बंद करावींत, बिडी-काडी विझवावी, दिव्याचें बटण दाबूं नये. दूर जाऊन मगच दूरध्वनि करावा आणि आसपासच्या घरांतल्या लोकांनाही सावध करावें. फुटलेला गॅसचा नळ चिंध्या कोंबून बंद करण्याचा पराक्रम कोणी करूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. उत्खननाचें श्रेय पुढें ज्यांच्या नांवावर जमा होतें, त्यांच्या हातांत बहुधा कुदळ नसते. कुदळ असते ती रोजंदारीवर आलेल्या मजुराच्या हातांत. नकाशे तंबूंतल्या टेबलावर असतात, यंत्राचे निष्कर्ष वहींत असतात. आणि ज्याच्या पायांखालीं केबल आहे त्या माणसास मात्र ‘येथें खण’ एवढेंच सांगितलें जातें. ही विभागणी अन्यायाची तर आहेच, पण मूर्खपणाचीही आहे. कारण मातीचा रंग बदललेला, पहार पोकळ वाजलेली, वाळू लागलेली सर्वांत आधीं कळते ती त्यालाच. म्हणून दररोज सकाळीं काम सुरू होण्यापूर्वीं साऱ्या मजुरांना एकत्र करून आजच्या चौकोनांत काय असण्याचा संभव आहे, कोणत्या खुणा दिसतांच थांबावयाचें आणि कोणाला हांक मारावयाची, हें त्यांच्या भाषेंत समजावून द्यावें. वाहिनीच्या रेषा जमिनीवर रंगानें काढाव्यात आणि माती पडून त्या पुसल्या गेल्या तर पुन्हां काढाव्यात. आणि शंका येऊन थांबलेल्या मजुराची शंका दहापैकीं नऊ वेळां निराधार निघाली, तरी त्याला कोणी रागावूं नये, त्याची मजुरी कापूं नये. एकदां रागावलें गेलेला माणूस दहाव्या वेळीं थांबणार नाहीं.

ह्या सगळ्यांत घरीं बसून हें ऐकणाऱ्यांचा काय संबंध, असें कोणास वाटेल. संबंध आहे. जुन्या पेठेंत, वाड्याच्या आवारांत किंवा गढीच्या शेजारीं जेव्हां संशोधक खोदावयास येतात, तेव्हां कोणत्याही खात्याच्या नकाशावर नसलेल्या वाहिन्यांची माहिती तेथल्या रहिवाशांना असते. वडिलांनीं विहिरीवरच्या पंपासाठीं अंगणांतून नेलेली तार, भाडेकरूसाठीं काढलेला जादा नळ, बुजविलेला शोषखड्डा, ह्या गोष्टी घरच्या माणसांनींच सांगावयाच्या असतात. कोणी विचारावयास आलें तर आठवून सांगावें. कोणी आलें नाहीं तर आपण होऊन जाऊन सांगावें. आणि आपल्या स्वतःच्या आवारांत कुंपणाचे खांब रोवण्याचें किंवा खड्डा घेण्याचें काम निघालें, तर वर सांगितलेले नियम तेथेंही तितकेच लागू आहेत.

उत्खननांत घाई करावयास कारण नसतें. जी वस्तु हजार वर्षें मातींत राहिली ती आणखी एक दिवस राहील. नकाशा येईपर्यंत, खूण होईपर्यंत, खात्याचा माणूस येऊन पाहून जाईपर्यंत ती तेथेंच असेल. खड्ड्यांत उतरलेला मजूर मात्र संध्याकाळीं घरीं परत जावयाचा आहे, आणि त्या दिवसाच्या कामाचा पहिला हिशेब तोच आहे.